भंडारदऱ्याला सायकलने प्रदक्षिणा: नवख्या मुंबईकरांसाठी

भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालणारा रस्ता सायकलवाल्यांमध्ये ‘रिंग रोड’ म्हणून ओळखला जातो. शेंडी गावातून निघायचं आणि मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत, चिचोंडी करत पुन्हा शेंडीत यायचं. अंतर साधारण ४५ ते ५० किलोमीटर. गावांत आत शिरलात, घाटघरच्या कड्यापर्यंत गेलात, की ते वाढतं. एका हाताला जलाशयाचं, म्हणजे आर्थर लेकचं पाणी, दुसऱ्या हाताला आधी रतनगडाचा डोंगर आणि नंतर अलंग-मदन-कुलंग ते कळसूबाईची रांग. वाटेत सिग्नल एकही नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. हा रस्ता वाहनांना बंद नाही. ऑगस्टमधल्या रविवारी दुपारी इथे गाड्यांची अशी रांग लागते की त्यापेक्षा लिंकिंग रोड परवडला. तोच रस्ता जानेवारीतल्या मंगळवारी सकाळी सात ते दहा इतका रिकामा असतो की मागून येणारी दुधाची मोटरसायकल दोन वळणं आधी ऐकू येते. मोकळा रस्ता इथे ठिकाणामुळे मिळत नाही, वार आणि वेळ साधल्याने मिळतो. म्हणून तयारीची सुरुवात सायकलपासून न करता कॅलेंडरपासून करायची.

दिवस कोणता धरायचा

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीअखेर, सोमवार ते गुरुवार. नवख्याने यापलीकडे जाऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. धरण बहुतेक वर्षी ऑगस्टमध्ये भरतं, त्यामुळे थंडीच्या सुरुवातीला पाणी काठोकाठ असतं, झाडं हिरवी असतात आणि पावसाने उखडलेल्या रस्त्यावर निदान मुरूम तरी पडलेला असतो. मार्चपासून पाणी ओसरून तळाची माती उघडी पडते आणि दुपारचं ऊन सोसत नाही.

पावसाळा सगळ्यांना खुणावतो. पण घाटघर-रतनवाडीचा पट्टा राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या जागांपैकी आहे. दाट धुक्यात दहा मीटरपुढचं दिसत नाही, रस्त्यावर दरडीची माती येते, आणि भिजलेल्या रिमवर रबरी ब्रेक शू पहिले दोन-तीन फेरे नुसते घसरत राहतात. सुट्टीच्या दिवसांत पोलीस एकेरी वाहतूकही लावतात; तेव्हा दिशा तुमच्या हातात राहत नाही. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे पाहायला रात्रभर गाड्या फिरतात. त्या दिवसांत संध्याकाळनंतर सायकल रस्त्यावर काढूच नका.

शुक्रवारी रात्रीपासून तंबूवाले पाहुणे यायला लागतात. तलावाकाठी, विशेषतः मुरशेत-चिचोंडीच्या बाजूला, तंबूंच्या वसाहतीच आहेत. शनिवारशिवाय रजाच मिळत नसेल तर एवढंच करा: शुक्रवारी मुक्कामाला या, शनिवारी उजाडताच निघा आणि थांबे आखडते घेऊन दुपारी दोनच्या आत शेंडीत परत या. मुंबई-पुण्याच्या गाड्या साधारण अकरानंतर पोचायला लागतात.

ही सायकल चढेल का?

सायकलचा दुकानदार गिअर किती आहेत ते सांगतो. तुम्ही बघायचं ते सर्वांत हलका गिअर किती हलका आहे ते. पुढच्या सर्वांत लहान चक्राचे दाते मोजा, मागच्या सर्वांत मोठ्या चक्राचे मोजा, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा.

पुढे २८, मागे ३४ असेल तर उत्तर येतं ०.८२. हायब्रीड सायकलच्या चाकाचा घेर साधारण २.१५ मीटर, म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल पावणेदोन मीटर सरकते. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी सव्वासहा किलोमीटर. चालण्यापेक्षा जेमतेम जास्त, पण चढावर बसल्या जागेवरून पाय फिरत राहतात. तेच पुढे ३४, मागे २८ अशी रोड बाइक असेल तर तितक्याच फेऱ्यांना वेग ताशी ९.४ किलोमीटर ठेवावा लागतो. कसलेल्या पायांना ते जमतं. नवख्याचे फेरे चढावर चाळिसाच्या खाली येतात, गुडघ्यावर ताण येतो आणि शेवटी सायकल हाताने ढकलावी लागते. पुढे ४४, मागे १८ अशी बिनगिअरची सायकल असेल तर हिशेबच करू नका, ती घरी ठेवा.

सामान लादून जायचं असेल तर हे उत्तर १ च्या खालीच हवं. दुकानदाराकडून मागची कॅसेट, म्हणजे दात्यांच्या चक्रांचा संच, बदलून घेता येते. पण मागच्या डिरेलरला (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) जास्तीत जास्त किती दात्यांचं चक्र पेलतं ते आधी विचारा, नाहीतर चेन अडकते.

टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंद असावा. २५-२८ चा बारीक टायर डांबरावर पळतो, पण साम्रदच्या बाजूला जिथे डांबर संपून खडी सुरू होते तिथे तो घसरतो. हवा सत्तर किलोच्या माणसाला ३८ च्या टायरमध्ये ५० ते ५५ पीएसआय पुरते, मागच्या चाकात पाच जास्त. एमटीबीच्या (डोंगरी सायकलच्या) दोन इंची टायरला ३५ ते ४०. ‘चांगली टाइट भर’ म्हणून ८० भरून घेतली तर खडीवर चाक उड्या मारतं आणि वळणावर पकड सुटते. फार कमी भरली तर खड्ड्यात रिम ट्यूबला चिमटते.

सीटची उंची घरीच लावा. भिंतीला टेकून सीटवर बसा, पॅडल सर्वांत खाली आणा, त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे. चवड्यावर पाय आणला की तो आपोआप किंचित वाकतो. सीट खाली ठेवून ‘पाय टेकतात’ म्हणून खूश राहणाऱ्यांचे गुडघे रतनवाडीपर्यंतच बोलायला लागतात.

चार आठवडे मुंबईत

पहिल्या आठवड्यात सपाटीवर, पहाटे, आठवड्यातून तीनदा २० किलोमीटर. मरीन ड्राइव्ह, पाम बीच रोड, जे जवळ असेल ते. कोस्टल रोडवर सायकलला परवानगी नाही, तिकडे जाऊ नका. दुसऱ्या आठवड्यात बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान: तिकीट काढून मुख्य दरवाजापासून कान्हेरीपर्यंत सहा-सात किलोमीटर, शेवटचा तुकडा चढाचा. सोमवारी उद्यान बंद असतं. तिथे माकडं पिशवीवर झडप घालतात, खाऊ हँडलला लटकवू नका.

तिसऱ्या आठवड्यापासून ठाण्यात उपवनहून येऊर. वर जा, खाली या, पाणी प्या, पुन्हा वर जा. दोन चढ सलग, पाय न टेकता, झाले की पुढच्या वेळी कॅरिअरवर पाच किलो वजन बांधून तेच करा. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या चालतात. वजनासकट दोनदा येऊर चढणाऱ्याला रिंग रोड अवघड जात नाही. चौथ्या आठवड्यात एकदाच पाच तास सायकलवर काढा, अंतर कितीही होवो. पाचव्या तासाला कुठे दुखतं ते मुंबईत कळलेलं चांगलं, कारण तिथून रिक्षाने घरी येता येतं.

सायकल तिथे न्यायची कशी

मुंबईहून शेंडी साधारण १७० किलोमीटर: नाशिक महामार्गाने घोटी, तिथून उजवीकडे पिंपळगाव मोर, बारी, वारंघुशी फाटा आणि शेंडी. समृद्धी महामार्गावर सायकल चालत नाही. मुंबईपासूनच सायकलवर निघायचा हट्ट नवख्याने करू नये. भिवंडी ते कसारा ट्रक-ट्रेलरांची सोबत आहे आणि नंतर कसारा घाट. त्याच घाटातला रेल्वेमार्ग ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर चढतो आणि तेवढ्यासाठी गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. तुमच्या मागे ढकलायला कोणी नसतं, फक्त हॉर्न वाजवायला असतात.

सोयीचा मार्ग मोटारीचा. डिकीला लावायच्या रॅकवर सायकल नेताना पट्टे दर तासाला तपासा, ते ढिले पडतात. मागचे दिवे आणि नंबरप्लेट झाकली जाणार नाही हे पाहा. सायकल गाडीच्या आत घालत असाल तर डिरेलरची बाजू वर ठेवा. डिस्क ब्रेकचं चाक काढल्यावर दोन पॅडच्या मधे जाड पुठ्ठ्याचा तुकडा खोचा. हायड्रॉलिक ब्रेकची मूठ चुकून दाबली गेली तर पिस्टन पुढे सरकतात, पॅड एकमेकांना चिकटतात आणि शेंडीत चाक परत बसत नाही.

लोकलने जायचं तर पहाटेची कसारा गाडी, माल डब्यात, आणि तिकीट खिडकीवर सायकलचं लगेज तिकीट आधी काढून. पुढचं चाक सोडवून फ्रेमला बांधलं आणि जुनी चादर गुंडाळली की टोपलीवाल्यांशी कुरबूर होत नाही. चेनचं काळं त्यांच्या भाजीला लागतं ही त्यांची तक्रार अगदी रास्त आहे. संध्याकाळी परतताना कल्याणपासून पुढे विरुद्ध दिशेची गर्दी असते, सकाळी मात्र साडेसातच्या आत मुंबई सोडलेली बरी. कसारा स्टेशनबाहेर नाशिककडे जाणाऱ्या जीपा असतात. टपावर सायकल घेणार का ते भाडं ठरवतानाच विचारा आणि घोटीला उतरा. टपावर सायकल बांधताना ती डिरेलरवर टेकलेली नाही ना ते स्वतः वर चढून बघा.

घोटी ते शेंडी तीस-पस्तीस किलोमीटर. हा रस्ता सायकलने करण्याजोगा आहे. बारीजवळ कळसूबाईच्या पायथ्याची चढण आहे, ती दमवते, पण ती सोडली तर उद्याच्या प्रदक्षिणेची रंगीत तालीम म्हणून ठीक. रोख पैसे घोटीतच काढून घ्या. पुढच्या गावांत मोबाइलचं नेटवर्क मधूनमधून जातं आणि त्याबरोबर स्कॅन करून पैसे देणंही.

सोबत काय घ्यायचं, आणि व्हॉल्व्हची गोष्ट

एका दिवसाच्या फेरीला वजन चार किलोच्या आत ठेवा. दोन ट्यूब, पंक्चरचे पॅच, सोल्यूशन, पॉलिश पेपर, प्लॅस्टिकचे दोन-तीन टायर लिव्हर, हातपंप, अॅलन कींचा संच, चेन तोडायचं हत्यार, तुमच्या चेनच्या मापाची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), चार झिप टाय. यात एक गोष्ट बहुतेकजण विसरतात: डिरेलरचा हँगर. फ्रेमला डिरेलर जोडणारा हा बोटभर अॅल्युमिनियमचा तुकडा, सायकल उजव्या कुशीवर पडली की मुद्दाम वाकतो, म्हणजे फ्रेम वाचते. प्रत्येक कंपनीचा आकार वेगळा, त्यामुळे घोटी काय, नाशिकमध्येही चटकन मिळेल असं नाही. सायकल घेतली त्याच दुकानातून एक जादा घेऊन ठेवा.

आता व्हॉल्व्ह. गावच्या साध्या सायकलींना जुना वूड्स व्हॉल्व्ह असतो, मोटरसायकलला जाड श्रेडर आणि अनेक हायब्रीड-रोड बाइकना बारीक प्रेस्टा. तुमच्या चाकाला प्रेस्टा असेल तर रस्त्यातल्या पंक्चरवाल्याचा नळ त्यावर बसणारच नाही. तो प्रामाणिकपणे दाबून बघतो आणि बारीक दांडी वाकते. उपाय फार स्वस्त आहे: पितळेचा नखाएवढा अॅडॅप्टर. प्रेस्टाची वरची चकती उलटी फिरवून सैल करायची, एकदा दाबून फुस्स झालं की अॅडॅप्टर चढवायचा आणि मोटरसायकलच्या नळाने हवा भरायची. अॅडॅप्टर व्हॉल्व्हवरच लावून ठेवा, खिशातला हरवतो. आणि जादा ट्यूब घेताना व्हॉल्व्ह तपासा. श्रेडरची जाड नळी प्रेस्टाच्या बारीक भोकातून जात नाही.

दोन दिवसांची फेरी करायची तर पाठीवर बॅग नको. कॅरिअरच्या दोन बाजूंना दोन पॅनिअर (लटकवायच्या पिशव्या), दोन्ही मिळून आठ किलोच्या आत, जड सामान तळाशी आणि पुढच्या बाजूला. पण इतकं पुढे नको की पॅडल मारताना टाच आपटेल. कॅरिअरचे स्क्रू खडीच्या थरथरीने सुटतात. रोज सकाळी चारही स्क्रू अॅलन कीने तपासायचे, हे दात घासण्याइतकं अंगवळणी पडलं पाहिजे. सुटलेला खालचा स्क्रू पडला की कॅरिअर मागच्या चाकात जातं.

पाणी तीन लिटर. मीठ-साखरेची किंवा ओआरएसची दोन पाकिटं, शेंगदाण्याची चिक्की, दोन केळी, खजूर. पुढचा-मागचा दिवा, कारण हिवाळ्यात सातच्या आत नीट उजाडत नाही आणि सहानंतर लगेच अंधारतं. पहाटे तलावाकाठी चांगली हुडहुडी भरते, तासाभराने घाम येतो. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा वाऱ्याचं पातळ जाकीट घ्या, ते खिशात मावतं.

आदला दिवस

दुपारपर्यंत शेंडीत पोचा. राहायला एमटीडीसीचं निवासस्थान, लहान हॉटेलं, घरगुती सोयी आहेत. धरणाची भिंत पाहून या. प्रवरा नदीवरचं हे दगडी धरण १९१० साली बांधायला घेतलं आणि १९२६ साली पुरं झालं, उंची ८२ मीटर, साठा सुमारे ११ टीएमसी. तत्कालीन गव्हर्नरच्या नावावरून विल्सन डॅम.

संध्याकाळी दोन कामं. पहिलं, ज्या घरी किंवा हॉटेलात उतरलात तिथे विचारून रतनवाडी आणि घाटघरला जेवणाचं सांगून ठेवा. आडवारी तिथे चूल पेटलेली असेलच असं नाही, पण निरोप गेला तर पिठलं-भाकरी, ठेचा, कांदा गरमागरम मिळतो. हाक मारताना मावशी, दादा, बाबा. ‘ओ भाऊ, इकडे’ असं मुंबईच्या उपाहारगृहासारखं नको. दुसरं, पिकअप असलेल्या एखाद्या माणसाचा नंबर घ्या आणि सायकल बिघडली तर आणायला याल का, किती घ्याल, हे ठरवून ठेवा. हा नंबर आणि ऑफलाइन नकाशा या दोन गोष्टींशिवाय निघायचं नाही. कारण पाण्याच्या मधून आडवाट नाही. रतनवाडी ओलांडलीत की मागे फिरणं आणि पुढे जाणं जवळजवळ सारखंच लांब पडतं.

हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्काची पावती घ्या आणि दिवसभर जपून ठेवा.

प्रदक्षिणा

दिशेबद्दल दोन मतं आहेत. चिचोंडीकडून निघालं तर आपण डावीकडून चालत असल्याने पाणी सतत आपल्या बाजूला राहतं, फोटोवाल्यांना ते आवडतं. आम्ही नवख्यांना मुतखेलकडून निघायला सांगतो. रतनवाडी ते साम्रद हा सर्वांत त्रासाचा तुकडा तेव्हा पाय ताजे असताना, पहिल्या अर्ध्यात येतो, आणि घाटघरहून परतीचा रस्ता त्यामानाने रुंद आहे. दमलेला माणूस खराब रस्त्यावर पडतो. चांगल्या रस्त्यावर फक्त कुरकुरतो.

सातला निघा. मुंबईत ताशी वीसने जाणाऱ्याचा इथला वेग लहानसहान थांबे धरून दहा धरायचा. मुतखेलपर्यंत रस्ता वर-खाली होत जातो, पहिल्याच चढावर मित्राच्या मागे धावू नका. बोलताना वाक्य पुरं करता येतंय ना, एवढीच कसोटी. शब्द तुटायला लागले की गिअर हलका करा.

गिअर बदलायची वेळ चढ सुरू होण्याआधीची. नवख्यांची सर्वांत महाग चूक ही आहे: चढ अंगावर आल्यावर, पॅडलवर पूर्ण जोर असताना, दोन-तीन गिअर एकदम टाकायचे. चेन तिरकी ताणली जाते, खाडकन आवाज येतो आणि एक तर ती उतरते नाहीतर तुटते. वळणाच्या पुढे रस्ता वर जाताना दिसला की सपाटीवरच पुढचं लहान चक्र घ्या. चढावर बदलायचंच असेल तर आधी एक जोरदार फेरा मारा, पुढचा अर्धा फेरा पाय सैल सोडा आणि त्या क्षणात एकच गिअर टाका.

साधारण १८ ते २० किलोमीटरवर रतनवाडी, नऊच्या सुमारास. अमृतेश्वराचं मंदिर आणि शेजारची पुष्करणी इथेच आहे. मंदिर शिलाहारकालीन मानतात. सायकल दगडी कोरीवकामाला टेकवू नका. पाऊणएक तास थांबा, पोहे-चहा घ्या, बाटल्या भरा.

इथून साम्रद. झाडीतली चढण, अरुंद वळणं, कुठे डांबर तर कुठे खडी. बसूनच चढा. उभं राहून पॅडल मारलं की वजन पुढे जातं आणि मागचं चाक खडीवर जागच्या जागी फिरतं. उतरून ढकलावं लागलं तर त्यात लाज कसली? ढकलताना मात्र सायकलच्या डावीकडे राहा, म्हणजे चेन पोटरीला लागत नाही. साम्रद म्हणजे सांदण दरीचं गाव, शनिवार-रविवारी इथे गर्दी असते. घाटघरला बाराच्या आसपास पोचाल. तिथल्या कड्यावरून खाली कोकण दिसतं. दरीखालच्या भागात २५० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प आहे, त्याच्या फाटकांकडे वळू नका. कड्याच्या तोंडाशी वारा सायकलसकट माणसाला ढकलतो, म्हणून सायकल लांबच आडवी ठेवून चालत जा. आडवी ठेवताना डावी कूस खाली.

जेवून सव्वाला निघालात तर उरलेले वीस-बावीस किलोमीटर चारच्या आत होतात. घाटघरला पोचायलाच तीन वाजले तर सायकल चालवू नका, पिकअपला फोन लावा. अंधारात उतार, त्यात पाच-सहाच्या सुमारास डोंगरातून परतणारी गुरं. वळणामागे रस्ताभर म्हशी उभ्या असतात आणि त्या हॉर्नला काय, घंटीलाही जुमानत नाहीत. थांबा, जाऊ द्या.

उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नका. रिम तापते, पॅड चकचकीत होऊन पकड जाते. वळणाच्या आधी, सायकल सरळ असतानाच, दोन्ही ब्रेक दाबून वेग मारा, सोडा आणि मग वळा. वळणाच्या आतल्या कडेला वाळू नाहीतर शेण हमखास असतं. गावांतल्या गतिरोधकांना पट्टे नसतात, पहिलं घर दिसलं की वेग कमी. कुत्रं धावून आलं तर पळवू नका, उतरा, सायकल मधे धरा आणि चालत राहा. दोन घरं ओलांडली की त्याची हद्द संपते.

पंक्चर झालं तर

या रस्त्यावर ते करवंदीच्या किंवा बाभळीच्या काट्याने होतं. सावलीत, रस्त्याच्या पूर्ण बाहेर या. मागचं चाक असेल तर आधी चेन सर्वांत लहान चक्रावर आणा, मग चाक सोडवा. टायरची एक बाजू लिव्हरने काढा, ट्यूब बाहेर घ्या, थोडी हवा भरून गालाजवळ फिरवा. गालाला फुंकर बोटापेक्षा लवकर कळते.

भोक कसं आहे ते बघा. शेजारी-शेजारी दोन भोकं म्हणजे हवा कमी होती, रिमने ट्यूब चावली. एकच बारीक टोचा म्हणजे काटा, आणि तो अजून टायरमध्येच आहे. नव्या ट्यूबवर पाच मिनिटांत पुन्हा पंक्चर होतं ते यामुळेच. ट्यूब टायरवर त्याच जागी ठेवून भोकासमोरचा भाग शोधा. आतून बोट फिरवू नका, काटा नखात जातो. फडक्याचा बोळा फिरवा, तो जिथे अडकेल तिथे काटा. बाहेरून ओढून तुटतो, म्हणून आतून अॅलन कीच्या टोकाने मागे ढकला.

नवी ट्यूब आत घालताना तिला किंचित हवा भरा, म्हणजे पीळ पडत नाही. टायर परत चढवताना व्हॉल्व्हपासून सुरुवात नको. समोरच्या बाजूने सुरू करून शेवट व्हॉल्व्हपाशी करा, आणि शेवटचा ताठ भाग लिव्हरने न ओढता तळव्याने रिमवर लोटा. लिव्हरने ट्यूब चिमटली की सगळं पहिल्यापासून. पूर्ण हवा भरण्याआधी दोन्ही बाजूंनी ट्यूब कुठे डोकावत नाही ना, ते चाक फिरवून बघा. जुन्या ट्यूबला पॅच संध्याकाळी खोलीवर लावा: घासा, सोल्यूशन लावून पाच मिनिटं वाळू द्या, मगच चिकटवा. ओल्या सोल्यूशनवर लावलेला पॅच पहिल्याच उतारावर सुटतो.

परतल्यावर

दुसऱ्या दिवशी पाय हलके करायला राजूरच्या रस्त्यावर दहाएक किलोमीटरवरच्या रंधा धबधब्यापर्यंत जाऊन येता येतं. या रस्त्यावर एसटी आणि ट्रक असतात, प्रदक्षिणेसारखी शांतता नाही. रिकामी वेष्टनं, केळ्याच्या सालीसकट, मुंबईला परत आणा. साल कुजते खरी, पण तिच्यासाठी माकडं रस्त्यावर बसायला शिकतात.

घरी आलात की सायकल गॅलरीत टाकून देऊ नका. चेन कोरड्या फडक्यात धरून पॅडल उलटं फिरवा, काळं येणं थांबेपर्यंत. मग प्रत्येक कडीवर एकेक थेंब तेल, दहा मिनिटांनी जादाचं पुसून घ्या. तेलाचा फवारा डिस्कच्या आसपास मारू नका. पॅडने तेल प्यायलं की ते बदलावेच लागतात. शेवटी दोन्ही टायर हळूहळू फिरवत बोटभर अंतराने तपासा. दोन-तीन काटे अर्धे रुतलेले सापडतातच, ते ट्यूबपर्यंत पोचले नसतील तर चिमट्याने निघतात. पोचले असतील, तर पॅचची डबी अजून बाहेरच आहे.